नॉमिनी : बाळ

पन्नाशी उलटलेली, डोक्यावर औषधाला केस नाही, आणि तरी स्टँपपेपरवर "मीच बाळ आहे" असं शपथेवर लिहून द्यायला निघालेला माणूस सगळ्या अमिरातीत एकच होता, आणि तो नेमका अल कुसैसला आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहायचा. मी त्यांना भावजी म्हणायचे. समोरच्या बाईचा नवरा, दुसरं काय म्हणणार!

भावजींचं खूळ आधी सांगते. त्यांना प्रत्येक गोष्टीला पुरावा लागायचा. अल क्वोजच्या एका गोदामात ते स्टोअरकीपर होते. तिथे सही घेतल्याशिवाय साधा खिळासुद्धा देत नसत, आणि तोच कारभार घरी. लोणच्याच्या बरणीवर तारीख, खाली 'तपासले' म्हणून सही. मी वाटीभर साखर मागितली तर वाटीसोबत चिठ्ठी. एकदा लेकीला म्हणाले, "दात घासलेस? पुरावा?" ती सात वर्षांची चिमुरडी त्यांच्या नाकापुढे आ वासून म्हणाली, "डॅडी, स्मेल इट!" भावजींनी खरंच वास घेतला आणि गंभीरपणे म्हणाले, "ओके. पास."

तर अशा माणसाचे वडील पुण्याला वारले आणि मागे आयुर्विम्याची एक जुनी पॉलिसी ठेवून गेले. रक्कम चाळीस हजार. "म्हणजे साडेतीन हजार दिरहमसुद्धा भरत नाहीत, वहिनी," भावजी म्हणाले. त्यामुळे भांडण पैशांचं नव्हतंच हो. भांडण होतं एका शब्दाचं. नॉमिनीच्या रकान्यात वडिलांनी वळणदार अक्षरात लिहिलं होतं, 'बाळ'. नात्याच्या रकान्यात, 'अपत्य'. एजंट ओळखीचा असणार, त्यानेही विचारलं नाही. आणि अपत्यं होती तीन! भावजी थोरले, मधली बहीण शारजाला, धाकटा भाऊ रुवैसच्या रिफायनरीत. जो बाळ ठरेल तोच बाबांचा लाडका, असं ते सरळ गणित झालं आणि तिघंही इरेला पेटले.

मग दर गुरुवारी संध्याकाळी, दुसऱ्या दिवशी सुट्टी म्हणून, समोर कोर्ट भरायला लागलं. धाकटा रुवैसहून चार तास गाडी हाणत यायचा. बहीण येताना साबुदाण्याची खिचडी आणायची. ती खात खात तिघं कचाकचा भांडायचे, आणि न्यायाधीश म्हणून मला बोलवायचे. कारण काय, तर मी नात्यातली नाही आणि रिकामी आहे.

"शेंडेफळाला बाळ नाही म्हणायचं तर कुणाला म्हणायचं?" धाकटा सुरुवात करायचा.

"हो का रे? मग मला कांजिण्या आल्या तेव्हा उशाशी बसून 'बाळ, खाजवू नकोस' असं कुणाला म्हणत होते? उशीला?" बहीण म्हणायची.

"पुरावा?" भावजी.

तिने कपाळ पुढे केलं. "हा बघ व्रण. तरी खाजवलंच होतं मी!"

भावजींनी भिंग आणून व्रण पाहिला आणि वहीत लिहिलं, 'व्रण, नग एक. बाळ शब्द सिद्ध होत नाही.'

स्वतःची बाजू भक्कम करायला तर त्यांनी कहरच केला. लोक ज्याला बाळ म्हणतात तो बाळ, असा मुद्दा काढून त्यांनी गोदामात जाहीर केलं, आजपासून मला बाळ म्हणायचं. आता तिथे सगळा हिंदीचा कारभार, ळ आणायचा कुठून! पठाण ड्रायव्हरने त्यांच्या चकाकत्या डोक्याकडे बघितलं आणि विचारलं, "बाल साब? हबीबी, बाल किधर है?" भावजींनी त्याला अर्धा तास ळ शिकवला. शेवटी तोच हात जोडून म्हणाला, "खलास, साब. हम स्टोर साब ही बोलेगा."

अखेर विमा कंपनीचं पत्र आलं. तिघांनी सह्या करा, सारखे वाटे घ्या. फक्त प्रत्येकाने आपल्या नावापुढे 'ऊर्फ बाळ' असं लिहा. बहीण आणि धाकटा खो खो हसले. "यल्ला, चला, एका बापाची तीन बाळं!" म्हणत दोघांनी सह्या ठोकल्या. भावजी मात्र अडले. आठ दिवस कागद तसाच. बायको विनवून थकली.

शुक्रवारी दुपारी ते कागद घेऊन माझ्याकडे आले. मी चहा ठेवला.

"वहिनी, खोटी सही कशी करू?" ते म्हणाले. "बाबा त्या दोघांना बाळ म्हणायचे, ते मी माझ्या कानांनी ऐकलंय. मला म्हणायचे, 'तू मोठा आहेस.' बस. खूप आठवून बघितलं. एकदासुद्धा नाही."

"अहो, पाळण्यात होतात तेव्हा म्हणालेच असतील की!"

"पुरावा?" त्यांनी विचारलं. पण या वेळी तो शब्द दरडावून आला नाही. मागितल्यासारखा आला.

मी त्यांच्याहून दोन वर्षांनी मोठी. 'कर रे बाळ, सही कर,' एवढं म्हणायला माझं काय जात होतं? अगदी जिभेच्या टोकावर आलं होतं. पण शेजारच्या बाईच्या नवऱ्याला अरे-तुरे कसं करायचं, या विचारात मी म्हणाले, "भावजी, चहा घ्या, गार होतोय."

त्यांनी चहा घेतला. सही केली. 'ऊर्फ बाळ' हे शब्द इतके बारीक लिहिले, जणू कुणी वाचलं तर पंचाईत.

पुढच्या वर्षी गोदाम बंद झालं आणि ती मंडळी कायमची पुण्याला गेली. आता माझ्या घरात नातवंडं आहेत. दिवसातून पन्नास वेळा माझ्या तोंडून निघतं, बाळ इकडे ये, बाळ ते ठेव. काही लागत नाही हो म्हणायला. त्या दुपारी तेवढं जमलं नाही.