मुरी की मोरी

आमच्या गावात, शेणव्यात, सगळ्यात स्वच्छ मोरी कुणाची, तर आमची. त्याला कारण माझी सासू अंबूबाई आणि माझं अडाणी डोकं.

मी सिन्नरची. पंच्याण्णवच्या डिसेंबरात लग्न होऊन इथं आले. माहेरी मासे कुणी खात नसे. इथं ओढ्यातला बोटाएवढा मासाही कालवणात. इथली बोली कळेना. चार बायका आल्या की मी आतल्या खोलीत पळायचे. मग सासूबाईंची हाक यायची, "ये गो मुरी!" मला ऐकू यायचं मोरी. म्हणजे मोरी घास, असं समजून मी काथ्या आणि राख घेऊन उठायचे. दिवसातून चार वेळा! बोटांची सालं निघाली, पण तोंडातून ब्र काढला नाही. वैशाखात मात्र टाळकं सरकलं. गाठोडं बांधलं आणि म्हटलं, "मी चालले माहेरी. मोरी घासायला दुसरी आणा!"

अंबूबाईंनी कपाळावर हात मारला. "अगो, तुला घासाया कुणी सांगला? मी म्हणायची, पोरीला सफाईचा भलताच याड!" हसता हसता त्यांना ठसका लागला. मला मेलीला रडू आलं.

मग त्यांनी हंडा माझ्या काखेत दिला आणि हाताला धरून ओढ्यावर नेलं. ओढा कोरडा ठाक. पाण्यासाठी त्यांनी वाळूत हातभर खड्डा उकरला, तशी ओल्या वाळूतून एक ठिपकेदार मासळी वळवळत वर आली. जिवंत!

"ही मुरी. वाळूत मुरते म्हणून मुरी. पाणी आटला की बाकीचे बगळ्याच्या पोटात, ही मुरून रेते. तू बी माणूस दिसला की मुरतेस. येशील वर तुझ्या टायमाला. मला काय घाई नाय."

मासळी त्यांनी परत खड्ड्यात सोडली. मग हळूच म्हणाल्या, "मी वैशाखरे गावाहून लगीन होऊन आले तवा मला कुणी हाक बी मारत नव्हता गो."

नावाचा हा अर्थ खरा की त्यांनीच जुळवलेला, देव जाणे. मी घरी येऊन गाठोडं सोडलं. त्या बाईचे उपकार सात जन्मांत फिटायचे नाहीत. पुढे मी अशी वर आले की, "आता जरा मूर गो बाय!" म्हणून त्याच हात जोडायच्या.

दोन हजार सातला अंबूबाई गेल्या. आता मला सगळे रेश्मा म्हणतात. मोरी मी अजूनही दिवसातून चार वेळा घासते, कुणी हाक मारत नाही तरी.