जावयाचा घोटा

मिरजेच्या फलाटावर गाडी हलली तरी वडिलांनी, आमच्या आबांनी, खिडकीचा गज सोडला नव्हता. चार पावलं चालले, मग धोतर सावरत पळायला लागले. शेवटी मीच म्हणालो, "आबा, सोडा आता." म्हणालो आणि माझ्याच जिभेला चटका बसला. हा शब्द आमच्या दोघांत आधी एकदा येऊन गेला होता, आणि त्याच्यामुळंच मी त्या गाडीत बसलो होतो.

गड्यांनो, तुमच्यातले काही गावीच राहिले, काही माझ्यासारखे गलाईला, म्हणजे सोनं गाळायच्या धंद्याला, परमुलखात गेले. कवठे महांकाळच्या आपल्या कुसळाच्या रानात तेव्हा दोनच पिकं बरी यायची, ज्वारी आणि कबड्डीचे गडी. मी डाव्या कोपऱ्यावर उभा राहायचो. संपतच्या हातात घोटा आला की बैल लावून ओढला तरी सुटत नाही, असं गाव म्हणायचं. मी स्वतः तसं म्हणायचो नाही, नुसता ऐकून घ्यायचो.

नव्वद सालानंतरची एक दिवाळी. आमच्या गावचे एक जावई, मुंबईतच वाढलेले, तिथल्या एका कंपनीकडून पगारी खेळायचे. त्यांच्या संघाला डावा कोपरा हवा होता. दिवाळसणाला आले तेव्हा म्हणाले, आठवडाभर आपण सराव करू, शेजारगावच्या संघालाही बोलवा, चांगला गडी दिसला तर मी घेऊन जातो, कंपनीत चिकटवतो. सगळ्यांनी माझ्याकडंच बघितलं. आईनं तर माझी पत्र्याची पेटी पुसून दारात उन्हाला ठेवली.

पहिल्याच संध्याकाळी पाव्हणे चढाईला आले. काय चपळ माणूस! पण वळताना त्यांचा एक पाय जरा मागं राहिला आणि घोटा माझ्या हातात आला. पक्का. कडेला गावातली थोरली मंडळी बसलेली, त्यात पाव्हण्यांचे सासरे आणि त्यांच्या शेजारी आबा. आबा ओरडले नाहीत. घरात बोलतात तशा आवाजात म्हणाले, "सोड रं संप्या. गावचा जावई हाय. त्येचं पाय धुयाचं असत्यात, वढायचं नसत्यात."

मी सोडला. वडील बोलल्यावर विचार करायची पद्धत आमच्या घरात नव्हती. दुसऱ्या दिवसापासून आमचा अख्खा संघच तसा खेळायला लागला. पाव्हण्यांनी यायचं, आम्ही धरल्यासारखं करायचं, त्यांनी परत जायचं, सासरे खूश. शेजारगावच्या संघात डाव्या कोपऱ्यावर मारुती होता, तो कशाला भीड धरतोय? त्याच्या गावचे काय ते जावई नव्हते. त्यानं त्यांना असं आपटलं की नाकातोंडात माती. आमचे म्हातारे चुकचुकले. पाव्हणे हसत उठले आणि त्यांनी मारुतीची पाठ थोपटली.

निघायच्या दिवशी त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "जागा बरोबर घेतोस तू. मग पकड ढिली का पडते?" मी आबांकडं बघितलं, आबांनी जमिनीकडं. आता बापाचं नाव कसं घ्यायचं? मारुती त्यांच्याबरोबर गेला. दिवाळी सरली आणि मी चुलत्यांच्या दुकानात, तमिळ मुलखात, सेलमला.

खोटं कशाला बोलू, बरं चाललंय. भट्टीपुढं बसून, तेजाबाचा वास खाऊन स्वतःचं दुकान केलं. आता तिकडचे लोक मला 'सेट', म्हणजे आपलं शेठ, म्हणतात. दुपारी जेवण झालं का विचारायच्या ऐवजी माझ्याच तोंडून 'सापाड' निघतं. पोरं आपसात तमिळमध्ये भांडतात आणि मी दटावलं की मराठीत माफी मागतात. आपल्या कबड्डीला तिकडं सडुगुडु म्हणतात. रस्त्याकडेला कुणी खेळताना दिसलं तर मी थांबत नाही.

माझ्या मनात आबांवर बरीच वर्षं राग होता. फोनवर तब्येत विचारायचो आणि ठेवून द्यायचो. एका उन्हाळ्यात गावी गेलो तेव्हा चहाची बशी खाली ठेवत ते म्हणाले, "त्या टायमाला मी गप बसाया पायजे हुतं रं." मी नुसतं जाऊ द्या म्हटलं. पुढच्या खेपेला गेलो तर आबा नव्हते. त्या एका वाक्याला त्यांना किती वर्षं लागली असतील, हे आता कळतं, आणि फार वाईट वाटतं.

यंदाच्या दिवाळीत गावी होतो. मैदानावर सराव चालला होता. गुडघे कुरकुरतात, तरी पँट दुमडून एक चढाई मागितली. डाव्या कोपऱ्यावर एक काटकुळा गडी. वळताना माझा पाय मागं राहिला आणि घोटा त्याच्या हातात. काय पकड होती! लय बरं वाटलं. आता तोंडात माती येणार म्हणून डोळे मिटले, तेवढ्यात कडेनं कुणीतरी म्हणालं, "सोड रं, पाव्हनं हायती."

त्यानं सोडला.

मी म्हटलं, "पाव्हना कशाचा? ह्याच गावचा हाय मी. पुन्यांदा धर, आन् सोडू नगंस."

तो व्हय व्हय म्हणाला. मी परत आत शिरलो, पाय मुद्दाम मागं ठेवला. त्यानं घोट्याला नुसता हात लावला, पाया पडताना लावतात तसा.

गड्यांनो, आपल्याला आपटताना जिथं कुणाला भीड वाटत नाही, ते आपलं घर. मी मधली रेषा ओलांडून सुखरूप परत आलो. कडेच्या सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. अंगाला माती लागलीच नव्हती, तरी घरी येऊन मी आंघोळ केली.