मामींच्या जागेवरचा भराव

कर्जत-खालापुरात जेवढी म्हणून सपाट जमीन दिसते, तेवढी आपणच सपाट केली, असा माझ्या थोरल्या मामांचा दावा होता, आणि तो खोडून काढायची हिंमत डोंगरांतही नव्हती. मामांचा धंदा भरावाचा. फार्महाऊस असो की देवळाचं पटांगण, त्यांचा डंपर तिथे मुरूम ओतून आलेला असायचा. तोही डोंगरातून निघेल तसा, न चाळलेला. गोटे, खडी, माती सगळं एकत्र. चाळलेल्या मालाचं नाव काढलं की पथ्याचं ताट पुढे आल्यासारखं तोंड करीत. ''मोठ्या धोंड्याच्या कुशीत बारका बसतो, बारक्याच्या कुशीत माती. घर असंच असतंय रं!'' रोलरचा तर त्यांना रागच. जमीन दाबायची नसते, पावसानं बसू द्यायची असते, हे त्यांचं ब्रह्मवाक्य. शिळफाट्याच्या एका लग्नात नवरी मांडवात येत होती आणि हे गृहस्थ चप्पल काढून पायानं जमीन चाचपत होते. ''भराव कच्चा हाय,'' एवढाच आशीर्वाद त्यांनी वधूपित्याला दिला.

त्यांच्या स्वतःच्या घरात मात्र दर पावसाळ्यात ओढ्याचं पाणी शिरायचं. म्हणून कोंडाणे लेण्यांच्या रस्त्यालगतची खोलगट जागा भरून मामींसाठी उंचावर घर बांधायचं ठरलं. मामांनी हौसेनं भराव घातला आणि म्हणाले, ''आता बसू दे.'' पहिल्या पावसाळ्यात खड्डे पडले, ते भरले. दुसऱ्यातही पडले. मामी संध्याकाळी तिथे जायच्या आणि काठीनं रेघा ओढून मला स्वयंपाकघर दाखवायच्या. मग त्यांचं पोटाचं दुखणं निघालं. एकदा तिथेच धापा टाकत बसल्या आणि म्हणाल्या, ''अवो, आणा ना एकदाचा रोलर.''

''एकच पावसाळा गं. घराला तडा गेला म्हंजे?''

''तडा काय घरालाच जातो?'' मामी हसल्या. मामाही हसले.

तो पावसाळा संपायच्या आत मामी गेल्या. जुन्या घरातूनच त्यांना नेलं. पुढच्या वर्षी त्या जागेवर एकही खड्डा पडला नाही.

परवा मुंबईचा एक माणूस भरावाची चौकशी करायला आला. मामांनी आधी विचारलं, ''घरात कोण कोण हाय?''

''आई आहे. तिलाच इकडे राहायचंय.''

''मग चाळलेला माल घ्या. थर थर करून रोलर फिरवा. आणि लगेच बांधायला घ्या.''

मी चमकून पाहिलं. मामा पानाच्या डबीत काहीतरी शोधत होते. बराच वेळ शोधत होते.

मामींच्या जागेवर अजून घर नाही. मुरमाबरोबर डोंगरातलं बी आलं असावं. भाद्रपदात तिथे तेरडा माजतो, आणि गावातल्या बायका गौरीसाठी तो न्यायला येतात. मामा बांधावर उभे राहून प्रत्येकीला सांगतात, ''सावकाश गं बायांनो, सावकाश. हवा तेवढा न्या.''