इस्त्रीवालीचा त्रिकोण

लोकांच्या कपड्यांच्या सुरकुत्या मोडण्यात ज्यांची उभी हयात गेली, त्या इस्त्रीवाल्या बाईंच्या डोळ्यांपुढे आता नुसते धुके उरले होते. धाकट्या भावाने निर्वाणीचे सांगितले होते की, आज संध्याकाळपर्यंत आपला आपण फोन लावता आला तर खुशाल एकटी राहा, नाहीतर सामान बांध. भावाच्या घरी जाऊन भावजयीच्या ओंजळीने पाणी पिणे बाईंना मुळीच मान्य नव्हते.

म्हणून भाचीने पाटीएवढा टॅब आणला. त्याच्या गुळगुळीत काचेवर एका वेळी एकच आकार असे. बोट रेषेवर आले की काच थरथरे, रेषा सुटली की गप्प होई. वर्तुळ म्हणजे वाणी, चौकोन म्हणजे डॉक्टर, त्रिकोण म्हणजे भाऊ. आकार ओळखून दोनदा टिचकी मारली की फोन लागे. नको असल्यास बाजूचे बटण दाबून दुसरा आणावा. आत्याने पाठांतर करून फसवू नये, म्हणून भाचीने आकारांचा क्रमही बदलता ठेवला होता.

सांगायला सोपे. पण बाईंचे बोट हाताच्या सवयीने या टोकापासून त्या टोकापर्यंत सरसर फिरे, आणि काच कुठे थरथरली, कुठे थांबली, काही कळेना. अंदाजाने टिचकी मारली की पलीकडून वाणी बोले. पुन्हा मारली, पुन्हा वाणीच.

"मावशी, काही हवं असेल तर सांगा, इकडे गिऱ्हाईक खोळंबलंय," तो अखेर वैतागून म्हणाला.

"आत्या, त्याला इस्त्री नको ना करूस गं," भाचीने कपाळाला हात लावला. बाईंनीही तिला सुनावले की, कापडाची शिवण निदान हाताला लागते, या मेल्या काचेला ना काठ ना शिवण.

भाऊ रिकाम्या पिशव्या घेऊन लवकरच येऊन बसला होता. प्रत्येक चुकीला तो एक उसासा टाकी. त्या उसाशांनी बाईंचे पित्त खवळले. टॅब टेबलावरून हलवायचा नाही, हा भाचीचा नियम मोडून त्यांनी तो मांडीवर घेतला, बाजूचे बटण दाबून नवा आकार आणला आणि डावा तळवा खाली धरला. आता थरथर तळव्यातही उतरली. बोट वरच्या काठाजवळून मुंगीच्या पावलाने निघाले. रेषा सुटली, मागे येऊन चाचपले, तेव्हा वळण सापडले. पुढे आणखी एक वळण, आणि बोट परत वरच्या काठाशी.

"चौथा कोपरा कुठंय?" त्यांनी विचारले.

बाईंनी दोनदा टिचकी मारली. समोरच भावाच्या खिशात फोन वाजला. त्याने सवयीने तो कानाला लावला.

"मी बोलतेय," बाई टॅब तोंडाशी धरून म्हणाल्या. "सामान बांधत नाहीये मी. आणि उसासे टाकायचे असतील तर आपल्या घरी टाक."

"ताई, समोर तर बसलोय मी."

"कळलंय. ठेव आता फोन."