गायींचा होकार

"विचारलंस का?" एवढंच सर म्हणायचे आणि चष्मा कपाळावर ढकलायचे. एकदा वर्गात खडू पडला, तो मी उचलला, तर तेव्हाही "विचारलंस का?" आता कोणाला विचारायचं, खडूला? तुम्ही हसाल. आम्हीही हसायचो. सर हसायचे नाहीत.

छपन्न-सत्तावन्न साल असेल. धुळ्याच्या कॉलेजात बी.ए.च्या शेवटच्या वर्षी मला छोटा प्रबंध लिहायचा होता आणि सर मार्गदर्शक होते. मी जळगावचा, त्यामुळे स्वतःला फार शहाणा समजणारा. विषय घेतला, खेड्यातल्या बायकांच्या शिव्या.

शिरपूरजवळच्या एका खेड्यात एक आक्का होती. तिच्या तोंडाची कीर्ती पार बसस्टँडपर्यंत पोचलेली. सरांची ताकीद होती, आधी विचारायचं आणि तिच्याच बोलीत विचारायचं. तिकडे 'ळ'चा 'य' होतो. गाळी, म्हणजे शिव्या, त्यांच्याही गायी होतात. मी ओट्यावर बसून नीट विचारलं, "आक्का, तुमन्या गायी लिखाले उनू. लिखू का?"

"लिख ना भाऊ, बठ्ठ्या लिख," म्हणजे सगळ्या लिही, असं म्हणून आक्का मला गोठ्यात घेऊन गेली. दोन गायी होत्या. दोघींची नावं, वयं, दूध, सगळं तिने सांगितलं. मला वाटलं, बाई आधी प्रस्तावना करते आहे. तेवढ्यात एकीने शेणाची पाटी लाथाडली आणि आक्काच्या तोंडून एक शिवी निघाली. गायीच्या सात पिढ्या, तिला विकणारा, त्याचे व्याही, सगळे एका दमात. मी उभ्या उभ्या लिहून घेतली. माझा अख्खा प्रबंध त्या शिवीवर उभा राहिला.

सरांनी तो वाचला. "विचारलंस का?"

"हो सर. आक्का म्हणाली, बठ्ठ्या लिख."

"काय बठ्ठ्या?"

मी गोठ्यासकट सगळं सांगितलं. चष्मा कपाळावर गेला. "अरे गाढवा, तिने होकार गायींचा दिलाय, शिव्यांचा नाही. परत जा."

प्रबंध द्यायला चार दिवस उरले होते. ती शिवी गेली तर माझ्याकडे राहत काय होतं? मनातल्या मनात सरांना जे म्हणालो ते इथे लिहीत नाही. सर स्वतः बरोबर आले. एस.टी.त माझ्या शेजारच्या रिकाम्या जागेवर बसायलाही त्यांनी मला विचारलं.

घोटाळा कळल्यावर आक्का पदर तोंडाला लावून हसली. मग म्हणाली, "ती गाय मनी मायनी शे. कागदवर नको, भाऊ." म्हणजे ती शिवी तिला तिच्या आईकडून आलेली.

सरांनी तिला हात जोडले. मी पान फाडून तिच्या हातात दिलं. प्रबंधात त्या जागी कोरं पान लावलं आणि खाली लिहिलं, "मालकिणीने नाही म्हटले." जेमतेम पास झालो. सरांनी ते कोरं पान मात्र दोनदा वाचलं होतं.

पुढे फार वर्षांनी सर गेले. हे लिहायचं ठरलं तेव्हा धुळ्याला जाऊन त्यांच्या पत्नीला विचारलं. "लिहा," त्या म्हणाल्या, "नाव तेवढं नको. त्यांना विचारायचं राहिलं ना." म्हणून नाव नाही.

आक्काची ती शिवी मला अजून पाठ आहे. कधी कोणापुढे उच्चारली नाही. सर गेल्याची तार आली त्या दिवशी मात्र देवघरासमोर उभा राहिलो आणि देवाला ती अख्खी हासडली, कोणालाही न विचारता.