कॉलरमागचं लेबल

शनिवार पेठेतले आमचे टेलरमास्तर गिऱ्हाइकाला "या, बसा" म्हणत नाहीत. "मान वाकवा" म्हणतात आणि कॉलर उलटून शर्ट कुठल्या देशात शिवलाय ते वाचतात. बाहेरचा निघाला की म्हणतात, "स्वस्त पडला ना? मग बटणंही तिकडूनच लावून आणा." बटण मात्र लावून देतात.

परवा मी दुकानात बसलो असताना एक व्यापारी सह्या गोळा करायला अर्ज घेऊन आले. बाहेरच्या तयार कपड्यांवर आयात कर वाढवा, अशी सरकारला विनंती होती. मास्तरांनी आधी त्यांची कॉलर पाहिली. बांगलादेश.

"आपण शर्ट बदलून या. मग सही करतो."

व्यापारी चिडले. "आणि तुमच्या अंगावरचा?"

तो सुनेनं वाढदिवसाला हौसेनं आणला होता. मास्तर माझ्यापुढे मान वाकवून म्हणाले, "वाचा."

खोटं सांगावंसं वाटलं, पण त्यांच्यापुढे ते जमेना. "तिथलाच आहे," मी म्हणालो.

"बसा दोघं," म्हणत ते घरी गेले. परतले ते स्वतः शिवलेला, काखेत रफू केलेला शर्ट घालून. पुन्हा माझ्यापुढे मान वाकवली. कॉलरमागे लेबलच नव्हतं.

मग त्यांनी पेन मागितलं.