पाहुण्यांच्या दमणीला बांधलेली ताडपत्री

आमची राहुटी एकदा पिंपळनेरच्या पाहुण्यांबरोबर निघून गेली होती. फार लांब नाही, शेताच्या बांधापर्यंत.

त्या वर्षी गावात प्लेगचे उंदीर पडले आणि अख्खं गाव शेतात राहायला आलं. राहुटी जुनी, विरलेली. ऊन असं यायचं की आई म्हणायची, "चूल कशाला पेटवायची? तवा अंथरुणावरच ठेवा." तशात माझ्या बहिणीला, यमुनेला, बघायला पाहुणे येणार म्हणून निरोप आला. बागायतीचं घर, एकुलता मुलगा. प्लेगात मुलगी बघायला येतं कोण? "हे स्थळ हातचं जायला नको," आबा, म्हणजे आमचे वडील, दिवसभर एवढंच म्हणत होते.

"सावलीचं माझ्यावर सोडा," मी म्हणालो. मी एका साहेबाचा तंबू पाहिला होता (लांबून). कपाशीच्या जिनातून, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यातून, मोठी ताडपत्री मागून आणली, राहुटीवर घातली, मागची टोकं राहुटीच्या दांड्यांना आवळली आणि पुढे पडवी काढायला घेतली. पण उन्हाळ्यात आमची काळी जमीन इतकी भेगाळते की खुंटी ठोकली की ती भेगेत गडप होते. दोन खुंट्या अशाच गेल्या.

शेजारच्या शेतातले भिकाभाऊ बघत होते. म्हणाले, "भाऊ, हाई बठ्ठं उडी जाई."

"सगळं कसं उडेल? त्याला शास्त्र असतं, भिकाभाऊ."

तेवढ्यात पाहुण्यांची दमणी आली. एवढी जड, छपराची बैलगाडी दारात उभी असताना खुंटी हवीच कशाला? बैल सुटले, पाहुणे हातपाय धुवायला गेले, तेवढ्यात मी पुढच्या दोऱ्या दमणीच्या मागच्या बाजूला करकचून बांधल्या.

पडवी झकास झाली. मुलाचे वडील झिपरूनाना टेकून बसले आणि म्हणाले, "सावली चांगली शे." आबांनी माझ्याकडे कौतुकानं पाहिलं. मॅट्रिकच्या निकालालाही पाहिलं नव्हतं (तेव्हा तसं कारण नव्हतं).

यमुनेनं मान खाली घालून चार उत्तरं दिली. "निरोप धाडतो," म्हणून नाना उठले. बैल जुंपले, रामराम झाला, मी वाकून सगळ्यांच्या पाया पडलो आणि दमणी निघाली. मागोमाग ताडपत्री निघाली. ताडपत्रीमागे राहुटी.

मी तोंड उघडलं, तर आबांनी त्यावर हातच दाबला.

"शुभकामाला आलेल्या माणसाला मागून हाक मारतोस? स्थळ मोडायचंय?"

"मग पुढे जाऊन सांगतो."

"म्हणजे आडवा जाणार? अक्कल आहे का तुला?"

राहिली बाजू. मी दमणीच्या बाजूनं धावू लागलो. नानांना वाटलं, काय वळण आहे मुलाला, पोचवायला येतोय! "बस भाऊ, फिरा आता," ते म्हणाले. मला दम लागला होता, शब्द फुटेना. मी नुसता हात जोडत धावत राहिलो. मागे उघड्या रानात आई भांड्यांच्या उतरंडीशेजारी बसून होती.

शेवटी यमुना विळा घेऊन पळत आली आणि तिनं बांधापाशी दोऱ्या कापल्या. ओझं सुटलं तसे बैल उसळले, नाना मागच्या मागे कलंडले आणि उठून बघतात तो काय, पदर खोचलेली मुलगी, हातात विळा, पाठीमागे आमचं घर जमिनीवर पसरलेलं. संपलं सगळं, असं मला वाटलं. मागून धावत आलेल्या आबांनी तर डोळेच मिटून घेतले.

नाना खाली उतरले. झाला प्रकार त्यांनी ऐकून घेतला. मग आबांना म्हणाले, "निरोप कसाले धाडू? पोर पसंत शे." नंतर ते माझ्याकडे वळले. "लगीनना मांडव मात्र आम्ही घालसूत."

मुलीकडचा मांडव मुलाकडच्यांनी घातलेलं आमच्या पंचक्रोशीतलं ते एकच लग्न. मला त्या दिवशी पहिल्याच पंगतीला बसवलं आणि वऱ्हाडाच्या गाड्या निघेपर्यंत उठू दिलं नाही.